पेसामिनोची हाक

दोन्ही तळवे जुळवायचे, मध्ये पोकळी ठेवायची आणि अंगठ्यांच्या फटीतून फुंकर घालायची, की खोल घुमणारा आवाज निघतो. गावातलं कुठलंही पोर एवढं करतं. पण आपल्या हाकेला रानातला मानुमेआ पक्षी स्वतः येतो, असा पेसामिनो म्हाताऱ्याचा दावा होता. चाळीस वर्षं त्याने तो इतक्यांदा ऐकवला होता, की त्याने घसा खाकरला तरी बायका नारळ खवता खवता गालातल्या गालात हसत.

दावा खोटा मात्र नव्हता. लाल चोचीचा तो दांडगा पारवा खरंच यायचा आणि पेसामिनो त्याला बंदुकीने पाडायचा. रविवारी प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांच्या पानात पक्षी नसला, तर घरच्यांनी तोंड कुठे दाखवायचं! अकरा वर्षांपूर्वी एका शनिवारी हाकेला जोडी आली. त्याने एक पाडला, दुसरा उडाला. सोमवारी त्याने पुन्हा हाक घातली, तर तो उडालेला परत आला. अगदी जवळच्या फांदीवर बसून मान वाकडी करून शोधत राहिला. पेसामिनोने तोही पाडला. रानात ढिगाने आहेत, असं तेव्हा सगळेच म्हणत. त्यानंतर तिथे कुणालाच मानुमेआ दिसला नाही.

तेव्हापासून तो रोज सकाळी बंदूक घरी ठेवून वर जायचा. हाक घालायचा, बराच वेळ थांबायचा, पुन्हा घालायचा. घरी कुणी विचारलंच तर म्हणायचा, "पाय मोकळे करून आलो."

त्याची नात सिनिवा जंगलखात्यात नोकरीला लागली आणि तिने गावच्या पंचांना गळ घातली. वरच्या रानात वर्षभर कुऱ्हाड नको, बंदूक नको. ओढ्यापलीकडच्या झाडांना आवाज टिपणारी यंत्रं बांधते. मानुमेआ सापडला तर रान कायमचं राखायचं. नाही सापडला तर खुशाल तोडून अळू लावा. पंचांनी मान्य केलं. सगळ्यात जास्त घाई त्यांच्यातल्या तुआलाला होती. त्याला सात मुलगे आणि खालची जमीन पुरेना. त्याचंही काही चुकत नव्हतं.

वर्ष संपलं त्या दिवशी सगळे पंच बिनभिंतीच्या सभाघरात आपापल्या खांबाला पाठ टेकून बसले होते. मागच्या खांबाचा मान पेसामिनोचा. तेवढ्यात सिनिवा धापा टाकत आली.

"सापडला! आजोबा, सापडला!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिने यंत्र मध्ये ठेवून सुरू केलं.

खरखर झाली आणि मग ती हाक घुमली. पेसामिनो खांबाची पाठ सोडून पुढे सरकला. आहे! अकरा वर्षांनी कुणीतरी उत्तर दिलं! त्याला ओरडावंसं वाटलं. मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा हाक, आणि तिच्या शेवटाला बारीक फुस्स. डाव्या अंगठ्यावर कोयता बसल्यापासून त्याच्या फुंकरीला ती फुस्स लागलेली होती. बिनवाऱ्याच्या कुठल्यातरी सकाळी त्याचीच हाक ओढा ओलांडून गेली होती.

पाद्रीबाबा डोळे मिटून देवाचे आभार मानू लागले. नातीचा तो आनंद म्हाताऱ्याला बघवेना.

"थांबा," तो म्हणाला. "तो पक्षी नाही. तो मी आहे."

सभाघर हास्याने दणाणलं.

"घ्या! पक्षी सापडला तरी श्रेय यालाच!"

"अहो, आता अंडीही तुम्हीच घाला म्हणजे झालं!"

तुआला मात्र हसला नाही. त्याने हातातली आवाच्या मुळ्यांच्या पेयाची वाटी खाली ठेवली. "काढून दाखव, पेसामिनो. इथे, सगळ्यांसमोर. हुबेहूब निघाली तर उद्या माझी पोरं कुऱ्हाडी घेऊन वर जातील. ठरलंच होतं तसं."

आपण काय बोलून बसलो ते पेसामिनोला तेव्हा कळलं. सभाघरातून वरचं रान दिसत होतं. त्याने तळवे जुळवले. ही हाक त्याची आयुष्यात कधी चुकली नव्हती, तापातसुद्धा नाही.

त्याने अंगठे किंचित फाकवले आणि फुंकर घातली. फर्रर्र असा फाटका आवाज निघाला. त्याने पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. लोक पोट धरून हसले.

"म्हातारा झालास रे," तुआला म्हणाला आणि त्याने जड मनाने रान राखायला हात वर केला.

सगळे हसत होते, एक सिनिवा सोडून. याच आजोबांच्या मांडीवर बसून ती ही हाक शिकली होती. ती एकटक त्याच्या फाकलेल्या अंगठ्यांकडे पाहत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने हळूच यंत्र बंद केलं आणि पिशवीत ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर गेला. सवयीने हात तोंडाशी गेले. ते खाली घेऊन त्याने मांड्यांखाली दाबून धरले. आता हाक घालायची सोय नव्हती. तो तसाच ऐकत बसला. ऊन फांद्यांवर चढलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या रानात मानुमेआची हाक झाली नाही.