भंगारशेठचा फोल्डर

ऑफिसात त्याला सगळे भंगारशेठ म्हणायचे. मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, बंद पडून कोसळलं की त्या क्षणी मेमरीत जे काही असतं त्याची फाईल बनते, तिला डंप म्हणतात. धड डंप कोणीही ठेवेल. हा पठ्ठ्या तुटलेले, डिस्कवर जागा संपल्याने अर्धवट राहिलेले डंप जपून ठेवायचा.

डंप वाचायला तीन टीमची तीन टूलं होती, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. सगळ्यांना वापरता येईल अशी एकच लायब्ररी, म्हणजे सामायिक कोड, लिहायचं काम ऑफिसातल्या एका तरुण प्रोग्रामर मुलीने अंगावर घेतलं होतं. तिघांतलं एक टूल भंगारशेठचं, तेव्हा तो आपल्या कामात खो घालणार हे तिने धरूनच ठेवलं होतं.

आज पाणीपुरवठ्याचे पंप चालवणारं नवं मशीन पुन्हा कोसळलं आणि अर्ध्या शहराचे नळ कोरडे पडले. जुनी टूलं त्याचा डंप उघडतही नव्हती, पण साहेबांना कोण सांगणार? "संध्याकाळपर्यंत तुझ्या लायब्ररीने कारण शोधलं तर ठीक," ते म्हणाले, "नाहीतर ती गुंडाळ, जुनी टूलं आहेतच."

लायब्ररीने डंप उघडला आणि मशीनच्या कामांच्या रांगेत कुठलंच काम अडकलेलं नाही, असं बेधडक सांगितलं. मग मशीन कोसळलं कशाने? तिचं धाबं दणाणलं.

भंगारशेठ खुर्ची ओढत आला. "डंपमध्ये नसलेलं मेमरीचं पान मागितलं, तर काय देतेस?"

"शून्यं."

"आणि रांगेत पुढे शून्य दिसलं तर?"

"रांग संपली असं..." तिच्या आता लक्षात आलं. 'माहीत नाही' म्हणायच्या जागी तिची लायब्ररी 'काही नाही' म्हणत होती. नीटनेटकेपणाचा सोस, दुसरं काय!

"माझंही टूल सुरुवातीला अशाच थापा मारायचं," म्हणत त्याने आपला भंगाराचा अख्खा फोल्डर तिला पाठवला. "यांच्यावर चालवून बघ."

त्या मोडक्या फायलींनी दुपारभर तिला रडकुंडीला आणलं. शेवटी लायब्ररी खरं बोलायला लागली: रांग इथे तुटली, पुढचं पान डंपमध्ये नाही. मग तिने तीच रांग शेपटाकडून उलटी वाचली, आणि सगळ्या कामांना अडवून बसलेला ड्रायव्हर, म्हणजे पंप चालवणारा प्रोग्राम, सापडला.

साहेबांनी लायब्ररी मंजूर केली, जुनी टूलं बंद. ती भंगारशेठच्या टेबलापाशी गेली.

"तुमचे उपकार कसे फेडू? गप्प बसला असतात, तर तुमचं टूल राहिलं असतं."

"राहिलं असतं की," तो म्हणाला. "पण सकाळपासून माझ्याही घरी पाणी नाही. बायकोला काय टूल दाखवू?"

ती हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. तो मात्र स्क्रीनकडे वळला होता.

"आजचा डंपही त्या फोल्डरमध्ये टाक," तो म्हणाला. "आता तो फोल्डर तुझा आहे."