प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि वेंडेल

आमच्या घराच्या बाहेरच्या फळ्या कुजल्या होत्या. दुसऱ्या कुठल्या गावात सुताराला फोन केला की काम झालं असतं. पण मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचा हा आमचा मोहल्ला ऐतिहासिक. इथे जुनी घरं जपणाऱ्या समितीला विचारल्याशिवाय फाटकाची कडीसुद्धा बदलता येत नाही. आणि त्या समितीवर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला सगळ्यात खडूस सदस्य म्हणजे माझा नवरा, वेंडेल.

मला प्लॅस्टिकच्या पट्ट्या हव्या होत्या. दिसतात त्या भिकारच, पण त्यांना रंग द्यावा लागत नाही. लाकूड म्हटलं की दर चार वर्षांनी खरवडा आणि रंगवा, आणि वेंडेल रंगारी बोलावेल तर शपथ! गेल्या जुलैत तो शिडीवरून थेट निळ्या फुलांनी लगडलेल्या हायड्रेंजियाच्या झुडपात पडला. वय चौऱ्याहत्तर. गावभर सांगितलं, चर्चच्या पायरीवरून घसरलो. तेव्हापासून शिडी उघडल्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून बाहेर धावते.

म्हणून मी माझ्या नावावर अर्ज ठोकून दिला.

स्वतःच्या घराचा विषय निघाला की सदस्याने टेबल सोडायचं, असा नियम आहे. वेंडेल उठला. मला वाटलं, आता माझ्याशेजारी येऊन बसेल. तर हा पठ्ठ्या जाऊन लोकांसाठी ठेवलेल्या माइकपाशी उभा!

"अध्यक्षबाई, एक नागरिक म्हणून माझा या अर्जाला विरोध आहे."

"वेंडेल, अर्ज तुझ्याच घराचा आहे," अध्यक्ष कॉन्स्टन्स थिबोडो म्हणाली.

"असू दे! प्लॅस्टिक लावणं म्हणजे म्हाताऱ्या घराला जन्माचा रेनकोट घालणं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकंच सटकलं.

"कॉन्स्टन्स, हा शिडीवरून पडला होता. दवाखान्यात मी याच्या केसांतून निळी फुलं वेचत होते. चर्चच्या पायरीवर फुलं उगवतात का, विचार त्याला!"

वेंडेल लालबुंद झाला. "लुएला, ही काय बोलायची जागा आहे?"

"घरी बोलले की तू कानातलं यंत्र काढून ठेवतोस!"

सभागृहात कुणी हसलं नाही. माझा आवाज रडवेला झाला होता, ते सगळ्यांना कळलं असणार.

शेवटी समितीवरचा दाताचा डॉक्टर फरेरा खाकरला. "रस्त्यावरून जे दिसतं, ते आपल्या अखत्यारीत. बरोबर ना, वेंडेल?"

"शंभर टक्के." नियम विचारला की याला गप्प बसवत नाही.

"तुमच्या घराला चारी बाजूंनी रस्ता. शिडीवर चढलास की तूही दिसतोस."

"शिडी तात्पुरती असते! तात्पुरत्या गोष्टी आपल्या अखत्यारीत येत नाहीत!"

"तिच्यावरचा माणूस किती तात्पुरता असतो, ते जुलैत कळलं की," कॉन्स्टन्स म्हणाली.

निकाल लागला. प्लॅस्टिक नामंजूर, लाकडी फळ्या मंजूर. मात्र एका अटीवर: रंग रंगाऱ्यानेच द्यायचा आणि अर्जदाराच्या नवऱ्याने शिडीवर पाऊल ठेवायचं नाही. टेबलावरचे सगळे हात वर गेले. आता वेंडेलची पंचाईत झाली. समितीची अट मोडणाऱ्यांना तो भर सभेत नावानिशी झापत आला आहे.

गाडीत मी म्हटलं, "रंग तरी पांढराच ठेवू या ना?"

"त्याला वेगळा अर्ज लागतो."

सकाळी खिडकीतून बघते तर स्वारी शिडी ओढत रस्त्यापलीकडे चाललेली. शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये ती ठेवून परत आला आणि माझ्याकडे न बघताच गुरगुरला, "अट म्हणजे अट."

मी इतकी वर्षं विनवण्या केल्या, भांडले, अबोला धरला, तेव्हा हा ढिम्म हलला नव्हता. समितीने अट घातली आणि एका रात्रीत सुतासारखा सरळ. खरं तर मला संताप यायला हवा होता. पण मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि सुटलो एकदाचे म्हणून पोटभर रडले.