सिलिंडर नंबर सहाशे अकरा

विश्राम भोईर जमीन मोजणीच्या नोकरीतून रिटायर झाले तेव्हा त्यांच्या बायकोला, आवडाबाईंना, फार आनंद झाला. तो पंधरा दिवस टिकला. सोळाव्या दिवशी विश्रामरावांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले, आणि आवडाबाईंनी त्यांना सरळ डोंबिवलीच्या कॉम्प्युटर क्लासला धाडलं. तिथून ते कलावतीबाईंच्या वधूवर मंडळात चिकटले. मंडळाकडे कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीचं युनिक्सचं जुनं मशीन होतं, त्याला चार टर्मिनल, आणि त्यांवर दुपारी माहिती भरायला बसणाऱ्या चार मुली. १९९१ साली एवढा थाट अख्ख्या गल्लीत कुणाचा नव्हता.

मशीनच्या डिस्कवर दोन पार्टिशन, म्हणजे दोन कप्पे. मोठ्यात स्थळांची माहिती. धाकट्याचं नाव स्वॅप. मेमरी अपुरी पडली की मशीन आपला पसारा तिथं टाकायचं. मेळावा तोंडावर आला आणि मोठं पार्टिशन भरलं. विश्रामरावांनी सगळं टेपवर उतरवलं, स्वॅपची थोडी जागा कापून स्थळांना दिली आणि माहिती परत भरली. चौतीस वर्षं लोकांची शेतं मोजलेला माणूस तो! डिस्कच्या पट्ट्यांना सिलिंडर म्हणतात; त्यांचे नंबर टाकून डिस्कचा नकाशा त्यांनी ग्राफपेपरवर काढला आणि भिंतीवर डकवला.

आणि मग शीलाचं नाव नाहीसं व्हायला लागलं.

शीला त्यांची सख्खी पुतणी. तिचा बाप सहदेव आणि विश्रामराव दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भोपरच्या शेतातला दीड हाताचा बांध कुणाचा, एवढ्यावरून. तरी सहदेवने मान खाली घालून पोरीचा फॉर्म मंडळात पाठवला होता, सगळ्यात शेवटी. सकाळी नाव टाकावं, तर दुपारी तिथं नुसता कचरा. तीन दिवस हेच.

"विश्रामराव," कलावतीबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अकराशे स्थळं धड आहेत. नेमकी तुमचीच पुतणी कशी हो पुसली जाते?"

हे फार लागलं. भावावर राग होता, पण ती पोर त्यांच्या खांद्यावर झोपून मोठी झाली होती. शनिवारी मेळाव्याची स्थळांची पुस्तिका छापायची होती. तिच्यात शीला नसली, तर काकाने बांधाचा राग पोरीवर काढला, असं सगळं गाव म्हणणार.

त्यांनी डिस्क तपासायचा प्रोग्रॅम तीनदा चालवला. व्होल्टेजला शिव्या घातल्या. मशीन उघडून धूळ झटकली, आणि कुणी बघत नाहीसं पाहून एक उदबत्तीही लावली. उपयोग शून्य.

शुक्रवारी आवडाबाई डबा घेऊन आल्या. नवऱ्याचं तोंड बघून त्यांनी विचारलं, "बिघडतं कधी?"

"सकाळी मी एकटा असतो तेव्हा ठीक. दुपारी चारी मुली बसल्या की गेलं."

"मग आपल्या बांधासारखंच की! भावजी नोकरीला होते तोवर कुठं काय भांडण होतं? घरी येऊन नांगर धरला, आणि बांध नांगरला."

विश्रामरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी भिंतीवरचा नकाशा पाहिला. स्थळं: सिलिंडर शून्य ते सहाशे अकरा. स्वॅप: सहाशे अकरा ते आठशे. दोन शेतांमधला बांध सामाईक, म्हणून हद्द दोन्हीकडे तीच लिहायची, ही चौतीस वर्षांची सवय. मशीनला सामाईक कळत नाही. एकटा माणूस असला की स्वॅपची गरजच पडत नव्हती. चौघी बसल्या की मेमरी संपायची, आणि मशीन आपला पसारा स्वॅपच्या पहिल्याच सिलिंडरवर टाकायचं. थेट स्थळांच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या शीलाच्या अंगावर.

त्यांनी मशीन बंद करून स्वॅप सहाशे बारापासून धरलं, शीलाची माहिती पुन्हा भरली आणि चारी मुलींना संध्याकाळपर्यंत हलू दिलं नाही. नाव जागच्या जागी राहिलं. स्वॅप एका सिलिंडरने बारीक झालं, पण कुरकुरलं नाही.

"मशीनने सोडला वाटतं बांध," डबा आवरत आवडाबाई म्हणाल्या.

शनिवारी पुस्तिकेची पहिली प्रत घेऊन विश्रामराव भोपरला गेले. सहदेव दारातच उभा राहिला. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

"बांध तुझ्याकडे धर," विश्रामराव म्हणाले.

"आता एकदम काय झालं, दादा?"

विश्रामरावांनी पुस्तिका उघडून शेवटच्या नावावर बोट ठेवलं. "आपल्या भांडणात हिच्यावर नांगर फिरत होता रे," ते म्हणाले, आणि दोन वर्षांनी भावाच्या ओट्यावर टेकले.