तुळजाच्या तोंडचा शब्द

सकाळपासून हर्षिताचं कशातच लक्ष लागत नव्हतं. चहा टेबलावर निवून गेला. ती गच्चीवर गेली, खाली आली, फोन पालथा ठेवला, पुन्हा उलटून पाहिला. तुळजा फोन उचलत नव्हती आणि हैदराबादच्या पशुखाद्य कंपनीचा सुनीलकुमार थांबायला तयार नव्हता. उद्या त्याला व्हिडिओ हवाच होता.

“हैदराबादची नोकरी सोडून तू नेमकं करतेस तरी काय?” तिच्या वडिलांनी, मुकुंदरावांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं. भालकीच्या शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले होते.

“अण्णा, मोबाइलवर व्हिडिओ करणाऱ्या पोरापोरींना मी कामं मिळवून देते. कंपन्यांशी बोलते.”

“म्हणजे दलाली.”

“मॅनेजर म्हणतात त्याला,” म्हणत तिनं गाडीची किल्ली उचलली.

तुळजा तिला औरादच्या बाजारात सापडली होती. खटकचिंचोळीच्या मेंढपाळ उमाजीची ही लेक बिथरलेल्या मेंढीला सगळ्या बाजारादेखत झापत होती, “बा इल्ली! किधरकू जारी गे? ये की माघारी!” कन्नड, दखनी, मराठी, सगळं एका दमात. हर्षितानं तेव्हाच ओळखलं, ही पोर मोबाइलवर चालणार. आणि चालली. बिदरपासून कलबुर्गीपर्यंत लोक तुळजाची नक्कल करायला लागले. पशुखाद्याची जाहिरात चालून आली तेव्हा हर्षितानं जागच्या जागी होकार देऊन टाकला होता.

खटकचिंचोळीत तुरीच्या रानाला लागून उमाजीचा मेंढवाडा होता. तुळजा एका मेंढीचं तोंड हळदीच्या पाण्यानं धूत होती. बाप मेंढीला धरून बसला होता.

“फोन कामून उचलला न्हाईस?” गावात शिरलं की हर्षिताची जीभ आपोआप वळायची.

“हात रिकामा हाय का, अक्का? लाळ्या आलाय. तोंडात फोडच फोड. दोन मेंढ्या गेल्या की काल.”

हर्षिता बांधावर टेकली. कंपनीनं लिहून दिलेलं वाक्य तिला पाठ होतं : या खाद्यामुळं माझा कळप कधीच आजारी पडत नाही. शेजाऱ्याच्या मेंढ्या धडधाकट असतील, तिथं उभं करावं हिला, असं तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात सुनीलकुमारचा फोन आला. तिनं बाजूला जाऊन सगळं सांगितलं.

“मग दुसऱ्याच्या मेंढ्या दाखवा,” तो म्हणाला. “कोणाला कळतंय, मॅडम?”

आपलाच विचार त्याच्या तोंडून ऐकला आणि तिला मिरच्या झोंबल्या. “नाही जमणार. आम्ही काम सोडतोय,” म्हणून तिनं फोन ठेवला.

परत येताना तिला जरा मोकळं वाटत होतं. तिनं तुळजाला घडलं ते सांगितलं.

तुळजानं मान वर केली. “आमी म्हंजे कोन?”

“अगं, तुझ्या भल्यासाठीच…”

“व्हय म्हनताना इचारलं न्हाई. न्हाई म्हनताना बी इचारलं न्हाई. तोंड माझं, आन् बोलायलाव तुमी?”

“गप की, तुळजे,” उमाजी पुटपुटला.

“तुमी थांबा, अप्पा. लावा अक्का, त्याला फोन लावा.”

हर्षितानं मुकाट्यानं फोन लावून दिला. तुळजानं ओले हात परकराला पुसले. “मेंढ्या बीमार हैं, भैया. झूट नै बोलती मैं. अच्छे हुए तो तुमारा दाना खिलाके देखती, जो दिखा सो बोलती. होना तो रुको, नै तो नक्को.”

“बताता,” म्हणून सुनीलकुमारनं फोन ठेवला.

“तो आता फोन करणार न्हाई,” हर्षिता म्हणाली.

“न करू दे. पर मी सांगून तर बघितलं.” तुळजा परत मेंढीकडं वळली. “हिचं तोंड धरा जरा, अक्का. अप्पा थकलेत.”

त्यानं फोन केलाच नाही. पुढच्याच आठवड्यात कलबुर्गीची कुणी पोरगी तेच वाक्य हसत हसत म्हणताना हर्षिताला मोबाइलवर दिसली. उमाजीच्या आणखी काही मेंढ्या दगावल्या, बाकीच्या वाचल्या. तुळजानं लाळ्यावर एक व्हिडिओ केला. तो फारसा कुणी बघितला नाही, पण मन्नाएखेळ्ळीकडच्या मेंढपाळांचे तिला फोन आले.

हर्षिताला मात्र चैन नव्हती. असं विचारत बसलं तर हातात कामं किती राहतील, हे तिला समजेना, आणि न विचारता आता राहवेना. एका दुपारी तिनं नाचाचे व्हिडिओ करणाऱ्या रविकुमारला फोन लावला.

“रवी, कपड्याच्या दुकानाची जाहिरात घेतलीय तुझ्यासाठी. म्हणजे, घेतली नाही. आलीय. तुला करायचीय का?”

तिकडं तो चपापला. “अक्का, तब्येत बरी हाय न्हवं तुमची?”

“बरी आहे. करायचीय का, ते सांग.”

“इचार करून सांगतो,” रविकुमार म्हणाला. फोन कानाला तसाच धरून हर्षिता अंगणात येरझाऱ्या घालत राहिली.