लांबडं कापलं त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कापडाची नव्हे, सिनेमाची फिल्म कापणारी. फ्रान्समधल्या थियेर गावच्या लोहाराने मला घडवलं. त्या गावचं पातं म्हणजे खानदानी, उगाच नाही सांगत. पॅरिसला आले ती सोलांजबाईंच्या हातात. दिग्दर्शक रेमी व्होक्लँ साहेबांचे सिनेमे त्या कापायच्या नि जोडायच्या.

साहेब कोर्टातल्या शिपायाचा मुलगा, म्हणून प्रत्येक सिनेमात कोर्ट ठरलेलं. एकात डुलक्या घेणारा न्यायाधीश, एकात खोटी साक्ष देणारा पाद्री. सांगणं एकच : आरोपीचं ऐकून घ्या. टाळ्या पडत, बक्षिसं येत. मला तेव्हाच शंका यायची. जो उठता-बसता न्याय न्याय करतो, त्याच्यापुढे कोणाला बोलायची सोय आहे का, ते आधी बघावं.

आमच्या सिनेमावाल्यांत 'दोर' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. अपशकुन! ज्याच्या तोंडून निघाला, त्याने सगळ्यांना वाइन पाजायची. तुम्ही रात्री सापाला लांबडं म्हणता ना, तसंच आमच्या खोलीत दोराला लांबडं म्हणत.

पुढच्या सिनेमात एका माळ्यावर मालकाला बांधून लुटल्याचा आळ होता. दोराची गाठ डावखुऱ्याची, माळी उजव्या हाताचा. ती गाठ जवळून दाखवणारा तुकडा म्हणजेच त्याची सुटका. साहेब घाईत दारातूनच ओरडले, "बाई, शेवटचं ते लांबडं कापून टाका!"

"सगळं?"

"सगळं! नकोच ते."

बाई थबकल्या. मीही थबकले. पण हुकूम तो हुकूम. कच्च!

खेळ झाला. माळी कशाने सुटला, ते कोणालाच कळेना. वकिलाचं भाषण मात्र संपता संपेना. साहेब लालबुंद.

"निर्मात्याने फितवलं तुम्हाला! त्याला शेवटी माळी तुरुंगातच हवा होता!"

"साहेब, तुम्हीच म्हणालात..."

"चूप! एक शब्द नको."

सगळ्यांदेखत बाईंना घालवलं. 'फितूर' हे नाव चिकटलं आणि कोणी काम देईना. बाईंच्या जागी आलेला माणूस माझ्या टोकाने पत्र्याचे डबे उघडायचा. मला! मी गंजत पडले.

एकदा साहेब काही शोधायला आले. गाठीचा तुकडा खुंटीवर टांगलेला, स्वच्छ फडक्यात, एक ओरखडा नाही. फितूर माणूस पुरावा असा जपतो होय? साहेबांनी तुकडा उजेडात धरला. मग पुटपुटले, "लांबडं..." आणि कपाळावर हात मारला. त्यांना ते लांबलचक भाषण म्हणायचं होतं!

मला नि तुकड्याला खिशात घालून ते बाईंच्या दारी गेले. बाईंनी दार फटीएवढंच उघडलं.

"आता कसला आळ आणलात?"

"मी भाषणाला लांबडं म्हणालो. तुम्ही समजलात..."

"काय समजले? म्हणा ना."

"दोर."

"इथे जिन्यात नव्हे. ज्यांच्यासमोर फितूर म्हणालात, त्यांच्यासमोर म्हणा."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या खानावळीत साहेब खुर्चीवर चढले. "दोर! दोर! चूक माझी. मी बाईंचं ऐकूनच घेतलं नाही."

 मग दिवेवाला म्हातारा गास्तों म्हणाला, "साहेब, दोनदा म्हणालात. दोन-दोन पेले!"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी साहेबांच्या हातून मला घेतलं, पात्यावर अंगठा फिरवला. "गंजवलीत हिला," म्हणाल्या आणि तेल मागितलं.

बाईंनी तुकडा जोडला. पण पडद्यावरचं चित्र अजून त्या सांध्यावर किंचित उडी मारतो. मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि कोणाला कापायला निघालात, तर आधी विचारा : लांबडं म्हणजे नक्की कोणतं?