कानाखालचा डूल

"मधोमध बोटं लावू नका, बाई. कडेनं धरा."

"आता कडेनं धरून काय उपयोग? बदललेलंच आहे ते," ग्लेनिस बोयर म्हणाली आणि वीस डॉलरचं जुनं सोन्याचं नाणं तिनं काउंटरवरच्या मखमलीवर जवळजवळ टाकलंच.

एमोरी क्लिंगरनं नाणं लगेच उचललं नाही. तो आधी माणूस बघायचा. ओहायोतल्या वूस्टर गावात त्याचं नाण्यांचं दुकान होतं आणि तिथे त्यानं सगळे नमुने पाहिले होते. हवं तेव्हा रडणाऱ्या विधवा पाहिल्या, बनावट नाणं घेऊन आलेला पाद्रीही पाहिला. विश्वास ठेवणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. लग्नातसुद्धा यानं अंगठी आधी उजेडात फिरवून बघितली, मग मला घातली, असं त्याची बायको पाहुण्यांना सांगायची. लोक हसायचे. एमोरीला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही.

काचेबाहेर एक जुनाट पिकअप ट्रक उभा होता. आत टोपी डोळ्यांवर ओढून एक माणूस बसला होता.

"तो कोण?"

"मर्ल. माझा भाऊ. चोर आहे."

"चोराच्या गाडीतून आलात?"

"माझी गाडी दुरुस्तीला टाकलीय. आत यायचं नाही म्हणून सांगितलंय त्याला."

मग तिनं सगळं सांगितलं. पणजोबांनी हे नाणं नेवाडाच्या खाणींतून आणलं होतं. ते कार्सन सिटीच्या टाकसाळीचं, कधी खर्च न केलेलं. ती लहान असताना वडिलांनी ते याच दुकानात दाखवलं होतं. तेव्हा गल्ल्यावर म्हातारे श्पीस बसत. त्यांनीच एमोरीला हा धंदा शिकवला.

"श्पीस म्हणाले होते, टाकसाळीतून निघालं तसंच्या तसं आहे, जपा. आणि सहा महिन्यांपूर्वी कोलंबसचा दुकानदार म्हणतो, सोन्याच्या भावापेक्षा फार काही मिळणार नाही! आई गेल्यापासून नाणं मर्लकडे होतं. काय झालं असेल, तुम्हीच सांगा."

"तुम्ही सांगा."

"चांगलं विकलं त्यानं आणि त्याच्या जागी हे ठेवलं. एवढंच तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. मंगळवारी वकिलाकडे जाते. नंतर त्याचं तोंड बघणार नाही."

उत्तर ठरवून येणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल एमोरीला पहिला संशय यायचा. कदाचित नाणं बाईनंच बदललं असेल आणि आता भावावर ढकलत असेल. भावाचंही काही खरं वाटत नव्हतं. निर्दोष माणूस एवढ्या वेळात एकदा तरी दुकानाकडे बघेल. आणि श्पीस? तेही त्या दिवशी चुकले असतील का?

त्यानं नाणं तोललं. वजन बरोबर. कडेच्या रेघा एकसारख्या. गरुडाखालची टाकसाळीची दोन अक्षरं त्यानं भिंगातून बराच वेळ पाहिली. साध्या नाण्यावर ती अक्षरं मागाहून चिकटवणारे लोक असतात. इथे सांधा दिसला नाही. नाणं अस्सल होतं.

मग त्यानं ते दिव्याखाली तिरपं केलं. न वापरलेल्या सोन्यावर उजेड चाकासारखा गरगर फिरतो. इथे तो जागच्या जागी मेल्यासारखा पडून राहिला.

एमोरीनं नाणं तळहाताखाली झाकलं. "तुमच्या मूळ नाण्यावर काही खूण होती?"

"होती ना. त्यावरच्या बाईच्या कानाखाली एक टोचा होता. आम्ही त्याला डूल म्हणायचो. दुसऱ्या नाण्याला आदळून टाकसाळीतच झाला असेल, असं श्पीस म्हणाले होते."

त्यानं हात काढला. टोचा होता. पण टोचा काय, खिळ्यानं कुणीही पाडील. त्यानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. टोच्याच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या आणि केसासारखे बारीक ओरखडे त्याच्यावरून पलीकडे गेले होते. म्हणजे टोचा आधीचा. घासणं नंतरचं, तेही एका दिवसाचं नाही, वर्षानुवर्षांचं. सगळे ओरखडे एकाच बाजूला वळत होते. एकाच हातानं, एकाच लकबीनं कुणीतरी घासत राहिलं होतं.

"नाणं तेच आहे," तो म्हणाला. "बदललेलं नाही."

"मग श्पीस खोटं बोलले?"

"नाही. याला घासायचं कोण?"

"घासायचं? छे, कुणी नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला चमकवायचो फक्त. जेवणाआधी सगळ्यांच्या हातातून फिरायचं ना ते."

"कशानं चमकवायचात?"

"खायचा सोडा आणि ओलं फडकं. आई मला स्टुलावर उभी करायची मोरीपाशी. मोठी झाले तरी ते काम माझ्याकडेच होतं. मर्लला तर फडक्याला हातही लावू द्यायची नाही, धांदरट म्हणून. सगळे म्हणायचे, ग्लेनिससारखं कुणाला..."

ती थांबली. काउंटरवर तिचा उजवा अंगठा हवेतच अर्धगोल फिरत होता. तिनं तो मुठीत दाबला.

"सोड्यानं एवढं होतं?"

"वरची कातडी जाते, आणि किंमत तिचीच असते. ती पुन्हा येत नाही."

"मी तर प्रेमानं..."

"हो," एमोरी म्हणाला.

तिनं काचेबाहेरच्या ट्रककडे बघितलं. "तुम्ही त्याला सांगणार?"

"विचारलं तर सांगेन."

"तो कशाला विचारील? सहा महिने मीच विचारतेय त्याला." तिनं नाणं उचललं. या वेळी कडेनं.

एमोरी काचेपाशी गेला. ती त्याला काय सांगते ते त्याला बघायचं होतं. आता ही गाडीत बसणार आणि गोष्ट गिळून टाकणार, अशी त्याची खात्री होती.

ती बसली नाही. वळसा घालून मर्लच्या बाजूला गेली. गाडीची काच खाली आली. ती बोलत राहिली. मर्लनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि समोर बघत ऐकून घेतलं. मग तिनं दोन बोटांत धरलेलं नाणं आत दिलं.

मर्लनं ते उलटसुलट केलं. त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि कोटाच्या बाहीवर खसाखसा घासलं, घरच्यांसारखंच.

काचेवर टकटक करायला एमोरीचा हात उठला. ग्लेनिस बघत होती, पण तिनं भावाला अडवलं नाही.

एमोरीनं हात खाली घेतला.