बदल जतन करू का?

मी एक जुना तपासणी संच आहे, मित्रांनो, आणि मला जन्मात एकच प्रश्न विचारता येतो. तो कोणता, ते ओघाने येईलच.

दिसायला मी काही देखणा नाही. चाकांच्या गाडीवर एक पडदा, आणि वायरीच्या टोकाला तळहाताएवढी चकती. ज्यांच्या हृदयाचे ठोके अचानक बेफाम धावू लागतात, अशांच्या छातीत कातडीखाली एक डबी बसवतात. ठोके ठरलेल्या रेषेच्या वर गेले की डबी त्यांना आवरते; आधी हलक्या हाताने, नाहीच ऐकलं तर झटका देऊन. रेषेखाली काहीही घडो, ती फक्त बघते आणि लिहून ठेवते. माणूस तपासणीला आला की माझी चकती त्याच्या छातीवर ठेवतात आणि डबी मला सगळं सांगून टाकते. रेषा कुठे आखायची, तेही माझ्याच पडद्यावर ठरतं. रेषा बदलली की मी विचारतो, "बदल जतन करू का?" खाली दोन चौकोन असतात, एक 'हो'चा, एक 'नाही'चा.

माझी उमेदीची वर्षं मोठ्या बाईंच्या हाताखाली गेली. त्या या खोलीतल्या तंत्रज्ञ. मला रोज पुसायच्या, आणि पडदा अडकला की "अडलास का रे गाढवा?" म्हणून प्रेमाने एक थापटी मारायच्या. त्यांची एक निळी वही होती. डबीने काही वावगं लिहिलेलं दिसलं की त्या माणसाच्या पानावर त्या लाल खूण करायच्या. काही वर्षांनी वही चाळताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. खोलीत येणारी बहुतेक माणसं गोरी होती, पण लाल खुणा नदीपलीकडच्या वस्तीतल्या काळ्या वंशाच्या माणसांच्या पानांवर जास्त होत्या. असं का, ते मला माहीत नाही. रक्तात काही असेल, किंवा जन्मभराच्या दगदगीत, किंवा औषध उशिरा हाती पडण्यात. माझ्यात वय आणि वजन भरायला जागा आहे, या प्रश्नाला नाही.

त्या वस्तीतले किल्लीवाले काका माझे लाडके. कुलपं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. टेबलावर आडवे झाले की मला म्हणायचे, "उघड रे बाबा कुलूप. आतून काही चोरीला गेलंय का बघ."

"काका, बोलू नका. पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेघा हलतात," बाई दटावायच्या.

एकदा डबीने सांगितलं की काकांचे ठोके तीनदा मिनिटाला एकशे ऐंशीच्या पुढे गेले होते. तिन्ही वेळा त्यांना घेरी आली होती, आणि डबी हात बांधून बसली होती, कारण रेषा दोनशेची. बाई वही घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.

"दोनशेचा आकडा ज्या अभ्यासातून आला, त्यात काकांसारखी माणसं किती होती?"

डॉक्टरांनी पानं उलटली. "मूठभर."

"मग हे माप काकांच्या अंगाचं नाही."

डॉक्टरांनी सही केली. रेषा एकशे सत्तरवर आली. मी विचारलं, बाईंनी 'हो' दाबलं. पुढच्या वर्षभरात डबीने दोनदा ठोके वेळीच आवरले, आणि काकांना त्याचा पत्ताही लागला नाही. मित्रांनो, मला कधी कुणी शाबासकी दिली नाही, पण त्या वर्षी मी स्वतःच स्वतःला दिली.

मग मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि वरून नियम आला की सगळ्या डब्यांना एकच आखणी, दोनशेची. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं काम म्हणून मी त्याला नाक मुरडलं असतं, पण हेतू वाईट नव्हता. नको तेव्हा बसणाऱ्या झटक्यांनी माणसं बेजार होत होती, ते झटके कमी करायचे होते. नव्या तंत्रज्ञ बाईही मनाने चांगल्या. टेबल गार लागतं म्हणून स्वतःहून चादर घालायच्या. माझ्या गाडीचा खण आवरताना त्यांना निळी वही सापडली. रुग्णांची नावं अशी उघड्यावर ठेवायची नाहीत, असाही एक नियम आहे. त्यांनी तो पाळला आणि वहीचा भुगा केला.

पुढच्या तपासणीला काका आले.

"मोठ्या बाईंनी माझं काहीतरी वेगळं करून ठेवलं होतं," ते म्हणाले.

"ती जुनी पद्धत, काका. आता आम्ही कुणालाच वेगळं वागवत नाही."

"एका किल्लीने सगळी कुलपं उघडायला लागली, तर माझं दुकान बंद पडायचं."

नव्या बाई मनापासून हसल्या. पडद्यावर एकशे सत्तरचे दोनशे झाले. मी विचारलं, "बदल जतन करू का?" मला याहून मोठ्याने विचारता येत नाही.

सात आठवड्यांनी माझी गाडी तळमजल्यावरच्या थंड खोलीत नेली. चकती काकांच्या छातीवर ठेवली. या वेळी रेघा हलवायला ते बोलले नाहीत. डबीने सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. दुपारची वेळ, एकशे शहाऐंशी ठोके, एकतीस मिनिटं. पहिल्या मिनिटालाच ती आवरू शकली असती. कागद छापला गेला आणि फाइलमध्ये लागला. बैल गेल्यावर निदान झोपा तरी करतात, इथे तोही कुणी केला नाही.

मित्रांनो, रीत अशी की शेवटी मी तुम्हाला काही उपदेश करावा. तर एवढंच सांगतो. उद्या तुमच्यापैकी कुणी अशा पडद्यासमोर बसलं, तर समोर झोपलेलं माणूस त्या मापात कधी मोजलं होतं का, ते आधी विचारा. तुम्ही विचाराल अशी मला फारशी आशा नाही. मी पुढच्या महिन्यात मोडीत निघणार आहे, आणि त्याआधी माझी स्मृती पुसतील.

काल काकांची लेक आली होती. बापाचा आजार तिच्याही हृदयात उतरला आहे. डबी नवी, टाके ओले.

"बाबांची रेषा आधी एकशे सत्तरवर होती," ती हळू आवाजात म्हणाली. "माझी तशी ठेवता येईल का?"

"तसं लिहिलेलं कुठे काही आहे का तुमच्याकडे?" नव्या बाईंनी विचारलं. मनापासून विचारलं.

लेकीने नकारार्थी मान हलवली. बाईंनी तिच्या अंगावरची चादर नीट केली आणि दोनशेचा आकडा भरला.

मी विचारलं. त्यांनी 'हो' दाबलं.